टूसॉनला निघण्याआधी कूलरचं विचारून घे

"काकू, नमस्कार. मी दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यातली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.टेक. केलं. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात टूसॉन म्हणून गाव आहे, तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ ॲरिझोनामध्ये एम.एस.ला प्रवेश मिळाला. कर्ज मंजूर झालं, व्हिसा झाला, ऑगस्टमध्ये निघायचं. पण ते गाव वाळवंटात आहे हे कळल्यापासून घरात रोज तोच विषय. आई म्हणते, तिथे पाणी तरी भेटेल का. बाबा म्हणतात, 'आपल्या इथचं ऊन सोसलं तं तिथचं काय सांगते!' गावात तर चेष्टाच चालली आहे, 'अमेरिकेत गेली अन् वाळवंटातच गेली? न्यूयॉर्क-फिवर्क नाही भेटलं काय?' खरं सांगते काकू, मलाही आनंद होईनासा झाला आहे. राहायला दोन जागा पाहून ठेवल्या आहेत. एक कॅम्पसला लागून, दोन मुलींसोबत. दुसरी आठ-नऊ किलोमीटरवर, जुन्या घरातली स्वतंत्र खोली, महिन्याला दीडशे डॉलरनं स्वस्त. कोणती घेऊ? साप-विंचवांचं काय? काय न्यावं, काय नाही? आई आंबाडीचं बी पुडीत बांधून देते म्हणते, ते चालेल का? – आ."

प्रिय आ.,

तुझ्या बाबांपासूनच सुरू करते, कारण ते अर्धे बरोबर आहेत आणि उरलेलं अर्धं तुला तिथे आजारी पाडू शकतं.

नुसते आकडे पाहिले तर बाबा जिंकतात. टूसॉनचा आजवरचा उच्चांक ४७.२ अंश, २६ जून १९९० चा. आपल्या नागपूरनं २०१३च्या मे महिन्यात ४७.९ पाहिले. जून-जुलैत तिथे दुपारी साधारण ३८-३९ असतं, वाईट दिवशी ४३-४४. नवतपा काढलेल्या माणसानं घाबरावं असं त्यात काही नाही.

पण आपण उन्हाळा काढतो कसा, ते आठव. सकाळी दहा-अकराला बाबा वावरातून परत येतात, दार लोटलं जातं, कूलर सुरू होतो आणि चारपर्यंत रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. लग्नाची पंगतसुद्धा सूर्य कलल्यावर बसते. म्हणजे आपण ऊन सोसत नाही, सगळं गाव मिळून ते टाळतं. शेजारची म्हातारी ओरडते, "कुठं चालली गं एवढ्या उन्हाची?" तिथे अशी म्हातारी नाही. तिथे दोनचा तास म्हणजे दोनचा तास. इमारती इतक्या थंड ठेवलेल्या असतात की वर्गात पोरं जॅकेट घालून बसतात, आणि दोन इमारतींच्या मधे डांबराचा आणि काँक्रीटचा तापलेला पट्टा असतो. त्या गारव्याच्या भरवशावर अख्खं शहर भर दुपारी चालू असतं. तुझ्या अंगातली "आता बाहेर पडायचं नाही" ही सवय तिथे कुणी पाळत नाही म्हणून तूही सोडून देशील. तीच सोडू नकोस. बसस्टॉपवर वाट पाहायची, सायकल दुरुस्तीला न्यायची, किराणा आणायचा, ही कामं सकाळी नाहीतर संध्याकाळी.

दुसरं म्हणजे कोरडेपण. जूनमधली तिथली हवा आपल्या मे महिन्याहूनही कोरडी असते. घाम येतो, पण अंगावर ओल दिसायच्या आत उडून जातो. म्हणून वाटतं, मला कुठे घाम आला? आणि पाणी पिणं राहून जातं. आधी डोकं दुखायला लागतं, मग विनाकारण चिडचिड होते, मग मळमळ. त्यामुळे तहानेची वाट पाहायची नाही, बाटली कायम दप्तरात. नुसतं पाणीही पुरत नाही, मीठ जातं ते भरून यावं लागतं. लिंबू-साखर-मीठ ही आपली जुनी युक्ती तिथेही चालते. ओठ फुटतील, टाचा भेगाळतील, एखाद्या सकाळी घोळणा फुटेल. खोबरेल तेल आणि व्हॅसलिन यांना पर्याय नाही. आणि हे फक्त उन्हाळ्याचं नाही, डिसेंबरातही तसंच.

ऊन किती हे तिथे फॅरनहाइटमध्ये सांगतात. फार गणित करत बसू नकोस. ८६ म्हणजे ३०, १०४ म्हणजे ४०, ११३ म्हणजे ४५. एवढे तीन पाठ कर, मधलं अंदाजानं कळतं.

तू मात्र पोचशील ती ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात. होय, तिथे पावसाळा असतो आणि त्याला ते मान्सूनच म्हणतात. त्यांच्या हवामान खात्यानं तारखाही ठरवून दिल्या आहेत, १५ जून ते ३० सप्टेंबर. वर्षभराचा पाऊस सगळा मिळून २७-२८ सेंटिमीटर, आपल्याकडच्या एका बऱ्या जुलैएवढा. त्यातला साधारण अर्धा या महिन्यांत येतो. दुपारपर्यंत कडक ऊन, मग डोंगरावर ढग चढतात, विजा, धूळ, अर्धा तास धबाधबा, आणि पुन्हा आकाश मोकळं. पहिल्या सरीनंतर तिथल्या क्रिओसोट नावाच्या झुडपाचा वास सगळ्या शहरात पसरतो. आपल्या पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाहून तो निराळा, थोडा औषधी. पुढे त्याचंही वेड लागतं.

आता कूलर. तुझ्या पत्रातलं "जुनं घर, स्वस्त भाडं" वाचल्यावर माझ्या मनात पहिली शंका तीच आली.

टूसॉनच्या जुन्या घरांच्या छपरावर पत्र्याचा चौकोनी डबा दिसतो. त्याला तिथे स्वॅम्प कूलर म्हणतात. उघडून पाहिलास तर हसशील, कारण आत आपलाच कूलर आहे: पंप, पंखा आणि लाकडाच्या भुशाच्या ताट्या. जूनमध्ये तो इतका सुरेख चालतो की एसीची आठवण येत नाही, वीजही एसीच्या मानानं फार कमी लागते. पण जुलैत हवेत ओल आली की त्याचं काय होतं हे तुला सांगायला नको. मृगाचा पाऊस पडल्यावर आपला कूलर जसा नुसता चिकचिकाट करतो, तसाच तो करतो. बाहेर ३८, आत दमट ३१, आणि तुझा अभ्यास. ऑगस्ट-सप्टेंबर हे तुझे तिथले पहिले महिने. तेव्हा घरमालकाला आजच मेल टाक आणि एकच प्रश्न विचार: खोलीला एअर कंडिशनर आहे की इव्हॅपोरेटिव्ह कूलर? उत्तर लेखी घे. "कूलिंग आहे" एवढंच उत्तर आलं तर ते उत्तर नाही. वीजबिल भाड्यात आहे की वेगळं, हेही त्याच मेलमध्ये.

खरं तर उत्तर काहीही येवो, मी तुला कॅम्पसजवळची जागाच घे म्हणेन. कर्जाचा आकडा डोक्यात असताना दीडशे डॉलर लहान नसतात, कळतं मला. पण टूसॉन हे आडवं पसरलेलं शहर आहे. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाख ४२ हजार, म्हणजे अकोल्याहून मोठं, पण उंच इमारती नाहीतच म्हटलं तरी चालेल, सगळा पसारा जमिनीवर. सुमारे पन्नास हजार विद्यार्थ्यांचं विद्यापीठ मधोमध, आणि त्याच्या आजूबाजूच्या दोन-तीन किलोमीटरमध्येच काय ते पायी-सायकलीनं जगता येतं. कॅम्पसपासून चौथ्या अव्हेन्यूवरून जुन्या बाजारपेठेपर्यंत एक ट्राम जाते, २०१४ साली सुरू झालेली. तिच्या रुळांजवळ राहिलीस तर गाडीवाचून पहिलं वर्ष निभतं. आठ-नऊ किलोमीटरवर राहिलीस तर बस. बस आहे, पण संध्याकाळनंतर आणि रविवारी किती मिनिटांनी येते ते वेळापत्रक उघडून पाहा, मग ठरव. शिवाय तिथले रस्ते रात्री मुद्दाम अंधारे ठेवलेले असतात. आसपासच्या डोंगरांवर मोठमोठ्या दुर्बिणी आहेत, किट पीकची वेधशाळा १९५८ पासूनची, म्हणून शहरानं १९७२ सालीच दिव्यांवर बंधनं घातली. तारे पाहायला झकास. रात्री दहाला प्रयोगशाळेतून एकटीनं दूरच्या खोलीवर जायला तितकं झकास नाही.

आणि दोन मुली सोबत असण्याचा एक फायदा भाड्याच्या हिशेबात धरला जात नाही: तुला ताप आला तर कुणाला तरी कळेल.

मे महिन्यात हे गाव अर्धं रिकामं होतं. परीक्षा संपल्या की पोरं सामान रस्त्याकडेला टाकून निघून जातात. टेबल, दिवे, कधी चांगली गादी. तीन महिन्यांसाठी खोल्या स्वस्तात दिल्या जातात. स्वतंत्र जागा हवीच असेल तर तेव्हा शोध, गाव पायाखालचं झाल्यावर. ऑगस्टमध्ये उलटं, सगळ्यांना एकदमच जागा हवी असते. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी रत्नांचं नि खनिजांचं मोठं प्रदर्शन भरतं, तेव्हा हॉटेलं परवडत नाहीत. आईबाबांना आणायचं असेल तर ते दिवस टाळ. फुटबॉलच्या शनिवारी लाल-निळे शर्ट घातलेली सगळी दुनिया कॅम्पसवर उतरते. खेळ समजला नाही तरी एकदा जाऊन ये.

पहिल्या महिन्यात सायकल घे. सेकंडहँड चालेल, कुलूप मात्र चांगलं जाड यू आकाराचं, कारण तिथे सायकली चोरीला जातात. नद्यांच्या काठाकाठानं फक्त सायकलींसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी "द लूप" नावाचा पक्का रस्ता आहे, दोनशे किलोमीटरहून जास्त लांब. काठ म्हटलं तरी वर्षातले बहुतेक दिवस खाली नुसती वाळू.

त्या वाळूबद्दल जरा थांबून सांगते. अशा कोरड्या पात्राला तिथे "वॉश" म्हणतात. शहरात जागोजागी रस्ते वॉशमधून सरळ खाली उतरतात आणि पलीकडे चढतात, आपल्या नाल्यावरच्या रपट्यांसारखे. तुझ्या डोक्यावर पाऊस नसेल, पण डोंगरात पडला असेल तर काही मिनिटांत तिथे तपकिरी लोंढा येतो. आपल्याकडे दरवर्षी पुलावरून पाणी जात असताना कुणीतरी "जाते ना गाडी" म्हणत घालतो आणि मग काय होतं ते पेपरात येतं. ॲरिझोनात यासाठी कायदाच आहे आणि लोक त्याला उघडपणे "मूर्ख ड्रायव्हर कायदा" म्हणतात. लावलेला अडथळा ओलांडून पाण्यात गाडी घातली आणि सुटकेला पथक बोलवावं लागलं, तर खर्च त्या माणसाकडून वसूल करता येतो. तू कुणाच्या गाडीत बसलेली असशील आणि तो "जाते ना" म्हणाला, तर उतरून जा.

आईला सांग, पाण्याची काळजी करू नको. तिला पटणार नाही, पण सांग. २८ सेंटिमीटर पावसाच्या त्या गावात नळाला चोवीस तास पाणी असतं आणि ते तसंच पिता येतं. आपल्याकडे त्याच्या तिप्पट पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकर येतो. हे पाणी येतं कॉलोराडो नदीचं, राज्याच्या पश्चिम सीमेवरून. सुमारे ५४० किलोमीटरचा कालवा आहे आणि वाटेत पंपांनी ते पाणी जवळजवळ ८८० मीटर वर चढवलं जातं. टूसॉन ते सरळ नळात सोडत नाही. शहराच्या पश्चिमेला मोठ्या तळ्यांतून जमिनीत मुरवतं आणि विहिरींतून पुन्हा उपसतं. ही व्यवस्था सुखासुखी आली नाही. १९९२ मध्ये कालव्याचं पाणी थेट जुन्या नळांत सोडलं तेव्हा घराघरांत गंजाचं लाल पाणी आलं, लोक चिडले आणि ते बंद करावं लागलं. आता ती नदीच आटते आहे. २०२१च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन सरकारनं कॉलोराडोवर पहिल्यांदा अधिकृत पाणीटंचाई जाहीर केली, आणि कात्री लागली ती टूसॉन आणि फिनिक्सच्या मधल्या पिनाल काउंटीतल्या शेतकऱ्यांना. पाण्याच्या हक्कात जो शेतकरी रांगेत शेवटी, त्याचं पाणी आधी तुटतं, हे अमेरिकेतही तसंच. तू मृद आणि जलसंधारण शिकलेली असशील तर हे सगळं तुला पुस्तकात नव्हे, सायकलवर बसून पाहायला मिळेल.

एका आजाराचं नाव मात्र आत्ताच लिहून ठेव: व्हॅली फीवर. तिथल्या मातीत एक बुरशी असते, धुळीबरोबर तिचे कण फुप्फुसात जातात. अनेकांना काहीच होत नाही, काहींना खोकला, ताप, छातीत दुखणं आणि आठवडेच्या आठवडे न जाणारा थकवा येतो. माणसाकडून माणसाला लागत नाही. तू शेतीचं शिकलेली मुलगी, मातीत हात जाणारच, म्हणून तुला विशेष सांगते: कोरड्या मातीत खोदकाम असेल तेव्हा चांगला मास्क लाव, आणि धुळीच्या वादळात बाहेर थांबू नकोस. टूसॉनमधल्या डॉक्टरांना हा आजार पाठ असतो, त्यांच्या विद्यापीठात त्याचं खास केंद्रच आहे. अडचण होते ती इकडे. सुट्टीत घरी आलीस आणि खोकला सुरू झाला, तर छातीचा फोटो पाहून आपल्याकडचा डॉक्टर पहिल्यांदा टीबी म्हणेल, आणि त्यात त्याची चूक नाही. तेव्हा तू स्वतः सांगायचं की मी ॲरिझोनात राहते, व्हॅली फीवरची रक्ततपासणी करा.

विंचू आहेत. तिथला बार्क स्कॉर्पियन पिवळट, बारीक, भिंतीवर चढणारा, आणि अमेरिकेतला सगळ्यात विषारी विंचू तोच. आपल्याकडच्या लाल विंचवाचं विष हृदयावर घाला घालतं, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवला. या विंचवाचं विष नसांवर जातं, मुंग्या, आग, लहान मुलांना जास्त धोका, आणि त्यावरचं प्रतिविष तिथल्या दवाखान्यांत असतं. बूट झटकून घालायचे, हे तुला घरीच शिकवलेलं आहे. जांभळ्या अतिनील बॅटरीखाली तो हिरवा चमकतो. पोरं रात्री तेवढ्यासाठी फिरतात. खुळखुळ्या साप शेपटी वाजवतो, आवाज आला की थांबायचं, मागे सरकायचं. रानडुकरासारखे दिसणारे हावेलीना कचऱ्याच्या डब्याशी भेटतील, त्यांना खायला घालू नकोस. आणि चोया नावाच्या निवडुंगाजवळून जाताना अंग सांभाळ, त्याचा तुकडा अंगाला चिकटला तर हातानं नाही, कंगव्यानं काढायचा. झालं. शेतकऱ्याच्या पोरीला यावर याहून जास्त सांगायची गरज नाही.

थंडीचं मात्र कुणी सांगत नाही. वाळवंट म्हणून तू सगळे सुती कपडे भरशील. सुती भर, पूर्ण बाह्यांचे भर, मोठी टोपी घे. स्कूटीवर जाताना तोंडाला बांधतेस तो दुपट्टाही घे, तिथे कुणी बांधत नाही, लोक बघतील, बघू देत. पण स्वेटर आणि एक जाड जॅकेट ठेव. जानेवारीत दिवसा १८-१९ आणि पहाटे चार-पाच अंश, कधी शून्यही. पहाटेची एवढी थंडी आपल्याला सवयीची नाही. शहराच्या उत्तरेला माउंट लेमन आहे, २,७९१ मीटर, आपल्या चिखलदऱ्याच्या अडीचपट उंच. हिवाळ्यात खाली तू उन्हात बसलेली असतेस आणि वर बर्फ पडतं, गाडीनं तासाभरावर. डोंगरात पायी फिरायला कुणी बोलावलं तर ऑक्टोबरनंतर हो म्हण. उन्हाळ्यात पहाटे निघून ऊन चढायच्या आत परत, आणि बाटलीतलं अर्धं पाणी संपलं की मागे फिर, मग शिखर समोर दिसत असलं तरी.

आता गावातल्या चेष्टेचं. न्यूयॉर्कला जाऊन तू कपाशीबद्दल काय शिकणार होतीस, हे त्यांना विचार. ॲरिझोना हा कापसाचा प्रदेश आहे. जगात उंची, लांब धाग्याचा म्हणून विकला जातो तो पिमा कापूस, त्याला नाव मिळालं तिथल्या मूळ रहिवाशांवरून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सकाटन इथल्या सरकारी प्रयोगक्षेत्रावर त्या लोकांनी तो पिकवायला मदत केली होती. टूसॉनच्या बाहेर वीस-तीस किलोमीटरवर माराना भागात आजही कपाशी उभी असते. ऑक्टोबरात फुटलेली बोंडं पाहिलीस की बाबांना व्हिडिओ कॉल लाव.

आणि बाबांना हेही सांग. २०१७ साली ज्या गुलाबी बोंडअळीनं यवतमाळ जिल्ह्याचं कंबरडं मोडलं, ती तिथेही होती, शंभर वर्षं होती. २०१८ मध्ये अमेरिकेनं आपल्या कापूसपट्ट्यातून ती संपल्याचं जाहीर केलं. त्यामागचं बरंच संशोधन तुझ्याच विद्यापीठातलं, ब्रूस टाबाश्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. बीटी बियाणं, म्हणजे ज्याच्या झाडातच अळी मारणारं विष तयार होतं ते, तिथेही तेच. पण तिथल्या शेतकऱ्यांनी बीटी नसलेल्या कपाशीचे पट्टे खरोखर पेरले, त्यामुळे अळीत प्रतिकार लवकर वाढला नाही. आपल्याकडे पाकिटासोबतचं ते रेफ्युजीचं बी किती वावरांत पडलं, ते बाबांनाच माहीत. नंतर २००६ पासून त्यांनी कारखान्यात वांझ केलेले पतंग विमानांतून शेतांवर सोडले, वर्षानुवर्षं, शेकडो कोटींच्या संख्येनं. अळीच्या माद्यांना जोडीदार मिळाला तो वांझच. हा खर्च उचलण्यात शेतकऱ्यांची संघटनाही होती. आपल्याकडे दोन-तीन एकरांचे तुकडे आणि संकरित बियाणं, तिथे शेकडो एकरांची सलग शेतं. ते सगळं जसंच्या तसं इथे चालणार नाही, हे मला दिसतं. काय चालेल, ते शोधायला कुणीतरी तिथे जाऊन पाहायला हवं. तुला आनंद होत नाही म्हणतेस. नको होऊ देऊस ओढूनताणून. विमानात बसेपर्यंत बहुतेकांना भीतीच वाटते, आणि त्यात कर्ज डोक्यावर. पण तुझ्या विभागात कोण काय करतं, हे आठवडाभरात वाचून काढ आणि एका प्राध्यापकाला चार ओळींची मेल टाक.

खाण्याचे हाल होणार नाहीत. २०१५ मध्ये युनेस्कोनं खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून अमेरिकेतलं पहिलं नाव निवडलं ते टूसॉनचं. भारतीय दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं. सीमेपलीकडच्या सोनोराची गव्हाची मोठी, पारदर्शक वाटावी अशी टॉर्टिया पाहशील तेव्हा आपल्या लंबी रोटीची आठवण येईल, तीही हातांवरच वाढवतात. टेपरी नावाची घेवड्यासारखी कडधान्यं आहेत, जवळजवळ पाण्याविना येणारी, तिथल्या तोहोनो ओ'ओधाम लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली. चिल्टेपिन मिरची ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठी आणि भिवापुरीला मागे टाकणारी. आपण जिला वेडी बाभूळ म्हणून तोडत बसतो, तिच्याच कुळातल्या मेस्कीटच्या शेंगा ते दळून खातात. आणि जूनमध्ये गच्चीवर कुरड्या घातल्यास तर दुपारपर्यंत वाळतात, घरमालकाला आधी सांग एवढंच.

आंबाडीचं बी नेऊ नकोस. पेरायचं बियाणं परवानगीवाचून अमेरिकेत नेता येत नाही, ताजी फळं-भाज्याही नाहीत. मसाले, पापड, पॅकबंद लोणचं साधारण चालतं, पण खाण्याचं जे काही असेल ते विमानतळावर विचारण्याआधीच सांगून टाक. लपवलं तर दंड होतो, आणि तुझ्या विषयाच्या माणसानं तरी हे करू नये. लाल आंबाडीची वाळलेली बोंडं तिथल्या मेक्सिकन दुकानांत "हमायका" नावानं ढिगानं मिळतात, सरबत छान होतं. भाजीची सोय मात्र नाही.

पोळा आणि महालक्ष्म्या तू पोचल्यावर लगेचच येतील. ते दिवस जड जातात. ॲरिझोना घड्याळं पुढे-मागे करत नाही, त्यामुळे घरचं आणि तुझं अंतर बारा महिने साडेबारा तासांचंच राहतं. तुझे सकाळचे सात म्हणजे घरी संध्याकाळचे साडेसात. बाबा जेवायला बसायच्या आधीची ती वेळ ठरवून टाक, आई मग फोनची वाट पाहत दिवसभर बसणार नाही. विद्यापीठात नोकरी मिळाली तर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे, तिच्याबाहेर कुणी रोख पैशांचं काम दिलं तरी घेऊ नकोस, व्हिसा जाईल.

शेवटचं तिकिटाचं. फिनिक्सला उतरणारं विमान बहुतेक स्वस्त असतं, तिथून टूसॉन साधारण १८० किलोमीटर, शटलनं दोन-अडीच तास. ऑगस्टमध्ये वादळं उठतात ती दुपारनंतर आणि संध्याकाळी, म्हणून सकाळी पोचणारं विमान मिळत असेल तर तेच घे. त्या महामार्गावर धुळीची भिंत समोरून येताना दिसू शकते. मग ड्रायव्हर गाडी रस्त्याच्या पार बाहेर घेईल, सगळे दिवे बंद करेल आणि ब्रेकवरचा पायही काढेल. घाबरून "दिवे लावा" म्हणू नकोस. तिथला नियमच तो आहे, कारण मागून येणारा धुळीत दिसणाऱ्या लाल दिव्याला चालती गाडी समजतो आणि त्याच्यामागे येऊन आदळतो.

– काकू